एक माप कमी

दिवाळीची सुट्टी संपते, डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरतो आणि कंपनीच्या बसच्या काचांवर सकाळी धुकं बसायला लागतं. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल येतो तेव्हा खाली नदी दिसत नाही, नुसता पांढरा पट्टा दिसतो. याच दिवसांत ॲडमिनमधून माझ्या टेबलावर युनिफॉर्मच्या मापांचा कागद येतो. नाव, टोकन नंबर, शर्ट, पँट असे त्याला चार रकाने. आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बनतात. तिथल्या स्टोअरमध्ये मी बारा वर्षं आहे. हातमोजे, चिकटपट्ट्या, गॉगल, सेफ्टी शूज, जे काही लागेल ते माझ्या खिडकीतून जातं. युनिफॉर्मही तिथूनच जातो. त्यामुळे कोणाचं अंग कुठे किती सुटलंय हे कंपनीत डॉक्टरांच्या खालोखाल मला माहीत असतं.

काल तो कागद आला आणि मी तो बराच वेळ नुसताच समोर ठेवला. मला तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवला. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि या कागदावर माझ्या हाताने खोटं लिहिलं होतं.

तेव्हा ज्याचं माप त्यानेच लिहायचं असे, आणि त्याची एक गंमत होती. पुरुष एक माप वरचं लिहायचे. ‘ढगळ बरा असतो ताई, हवा खेळते,’ असं वर सांगायचे. पोट पुढे आलेला माणूस डबल एक्सएल असं ठसठशीत लिहून खाली रेघसुद्धा ओढायचा. बायकांचं अक्षर मात्र त्या रकान्यात आलं की बारीक व्हायचं. एरवी ओव्हरटाइमच्या अर्जावर टपोरं नाव लिहिणाऱ्या बायका माप लिहिताना कागदावर आडवा हात धरायच्या. दहावीच्या परीक्षेत आम्ही हुशार मुली शेजारणीला दिसू नये म्हणून धरायचो ना, अगदी तस्सा.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच कंपनीची वार्षिक तपासणी झाली. कॅन्टीनमध्ये हिरवे पडदे लावून बायकांसाठी आडोसा केला होता. काट्यावर चढण्याआधी बायका काय काय काढून ठेवत होत्या! बूट, आयकार्ड, मोबाईल, स्वेटर. एकीने तर हातातल्या बांगड्या काढल्या. मी चष्मा काढला. चष्मा काढल्यामुळे आकडाच दिसला नाही, हा वरचा फायदा. पण डॉक्टरीण बाईंनी तो मोठ्याने वाचला. अठ्ठ्याहत्तर. ती मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. मान वर न करता म्हणाली, “काकू, साखर काठावर आहे. सात-आठ किलो तरी कमी करा.” मला कंपनीत सगळे ताई म्हणतात. साखरेच्या आधी मला ते ‘काकू’ लागलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

साखर लागली ती रात्री, अक्काचा फोन आला तेव्हा. अक्का माझी थोरली बहीण, धाराशिवजवळच्या आमच्या गावी असते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचंही आधी काठावरच होतं. “त्याला काय होतंय,” म्हणत तिने दोन-चार वर्षं काढली. मग एकदा पायाला ठेच लागली, जखम चिघळली आणि सोलापूरच्या दवाखान्यात तिच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हापासून ती ओसरीवर बसून असे. गुडघेही गेलेले. जी बाई एका दमात दोन कळशा घेऊन चढ चढायची, तिला उठायचं म्हटलं की सुनेला हाक मारावी लागे. तिला भेटून परत येताना मी एसटीत रडले होते. अक्कासाठी रडले असं घरी सांगितलं. निम्मं रडणं माझ्यासाठी होतं. माझा चेहरा तिच्यासारखा आहे, बांधा तिच्यासारखा आहे, चालताना डावीकडे किंचित कलायची सवयही तिचीच आहे. सात वर्षांनी आपण कुठे बसलेलो असू, ते मला स्वच्छ दिसत होतं. त्याची मला भयंकर भीती वाटत होती.

मापाचा कागद नेमका त्याच आठवड्यात आला. माझं माप डबल एक्सएल. मी एक्सएल लिहिलं.

लहानपणी आई आम्हाला कायम वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची. शाळेचा फ्रॉक जूनमध्ये पोटरीपर्यंत आणि पुढच्या मार्चला गुडघ्याच्या वर. दुकानदाराला ती बजावून सांगायची, “वाढत्या अंगाचं दाखवा.” सेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदाच घटत्या अंगाचं माप दिलं. नवीन युनिफॉर्म सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला घालायचा असतो, म्हणजे हातात अडीच-तीन महिने होते. एकदा लिहून दिलं की मागे फिरता येणार नाही, झक मारत बारीक व्हावं लागेल, असा माझा हिशेब होता. स्वतःलाच कोंडीत पकडायचं आणि त्याला निश्चय म्हणायचं.

कागद लाईनवर फिरून परत आला. बेरीज करून ऑर्डर पाठवायचं काम माझं. शेजारी गेल्या वर्षीची फाईल उघडून ठेवली होती, कारण फरक दिसला तर त्या माणसाला विचारून घ्यायचं, ही पद्धत मीच घालून दिलेली. आणि मला फरक दिसला. अर्ध्याहून जास्त बायकांचं माप गेल्या वर्षापेक्षा एकाने खाली आलं होतं. वर्षभरात आमच्या लाईनवर कोणी बारीक झाल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. तपासणीतला तो काटा सगळ्यांनाच झोंबला होता.

मला फक्त उठून लाईनवर जायचं होतं. एकेकीला बाजूला घेऊन विचारायचं होतं, बाई गं, नीट आठवून सांग. पण संगीताला विचारलं असतं तर तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं असतं. संगीता बीडकडची, तोंडाची फटकळ. तिने विचारलंच असतं, “आन् तुमचं ओ ताई?” मी फाईल मिटली, शिक्का मारला आणि कागद पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. आम्ही काळेवाडीत राहतो. तिथून राहाटणीच्या बाजूने पिंपळे सौदागरच्या बागेत चालायचा ट्रॅक आहे. पाच वाजता निघायचं, कारण पुढे डबे, मग बस. काळेवाडीत त्या वेळी सगळी शटरं खाली असतात, पण बेकरीच्या मागच्या दारातून पावाचा वास येत असतो. दूधवाल्याचे क्रेट खडखडत असतात. रिक्षावाले रिक्षा पुसत असतात, त्यांच्या आरशाला अडकवलेल्या झेंडूच्या माळा दिवाळीच्याच, वाळून काळ्या पडलेल्या. पुढे गेलं की इमारती उंच होतात, रस्ते रुंद होतात आणि कुत्र्यांच्या अंगावर स्वेटर दिसायला लागतात.

माझ्या पायात मात्र सेफ्टी शूज होते. स्वतःसाठी चालायचे बूट घ्यावेत हे मनातच येईना. मुळात ‘चालायला बूट कशाला’ हाच विचार. घरात कंपनीचा जुना जोड पडला होता, पुढे लोखंडी टोपी असलेला, मजबूत. आठ दिवसांत माझ्या पायाच्या नखांना निळा रंग चढला आणि गुडघे रात्री ठणकायला लागले.

ट्रॅकवर एक म्हाताऱ्या बाई रोज दिसायच्या. नऊवारी, वर नातवाचं टोपीचं जॅकेट, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. पिंपळे सौदागरच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांची जमीन आता या इमारतींखाली आहे आणि त्यातल्याच एका इमारतीत त्या अकराव्या मजल्यावर राहतात. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. पहिल्यांदा त्या माझ्या पायांकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, “पोरी, चालाया आलीस का ट्रक खाली कराया?”

मग आम्ही बरोबर चालायला लागलो. मावशींना दम लागायचा नाही, मला लागायचा. चालता चालता त्या हात करून दाखवायच्या. “हितं आमचं वांग्याचं वावर व्हतं. त्या झोक्यापाशी हीर व्हती.”

“तेव्हा तुम्ही केवढं चालत असाल, मावशी.”

“चालायचो न्हाई गं, जायाचो. पान्याला जायाचो, वावरात जायाचो, पाटी घिऊन पिंपरीच्या बाजाराला जायाचो. आता कुटं जायाचं न्हाई, म्हनून चालतो आमी.”

हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस घोळवत होते. मलाही आठवतं, लग्न होऊन इकडे आले तेव्हा आधी आकुर्डीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये उभ्याने पॅकिंग करायचे. नंतर याच कंपनीच्या लाईनवर उभी होते. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. मग हुशार म्हणून स्टोअरमध्ये घेतलं आणि खुर्ची दिली. खुर्ची मिळाली ती माझ्या प्रगतीची खूण होती. आई तेव्हा फोनवर सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली होती, “आमच्या वंदीला बसून काम हाय आता!” बसून काम मिळावं म्हणून आमच्या घरातल्या बायकांनी काय नाही केलं? आणि ते मिळाल्यावर मी पहाटे उठून गोल गोल फिरत होते.

आईचं वजन कधी कोणी केलंच नाही. ती काटकुळी होती, चपळ होती, आणि गावात सगळे तिच्या चपळाईचं कौतुक करायचे. आता इतक्या वर्षांनी कळतं की ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला येईल तेवढंच खायची. तिच्या पोटातली भूक आणि मी त्या हिवाळ्यात मुद्दाम लावून घेतलेली भूक, दोन्हींना नाव एकच आहे म्हणून मला अजूनही अपराधी वाटतं.

आणि हिवाळा तरी कसला! बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, भोगीची भाजी, ओला हरभरा. वर्षभरात खायचे खरे दिवस तेवढेच, आणि मी त्यातच तोंड बांधून बसले. त्यात शरीराचे स्वतःचे चाळे वेगळे चालू होते. पाळी दोन-दोन महिने गायब व्हायची, मग न सांगता यायची. भर थंडीत अंगातून गरम वाफ निघायची. बसमध्ये सगळे कानटोप्या ओढून बसलेले आणि मी खिडकी सताड उघडून घाम पुसतेय. मागून आरडाओरडा व्हायचा, “ओ ताई, बंद करा की राव, गारठलो!” झोप उडालेली, चिडचिड वाढलेली. आमचे हे भोसरीत एका टूलरूममध्ये काम करतात, स्वभावाने गरीब. ते एकदा म्हणाले, “अगं, कशाला एवढा जीव काढतेस? माझी काही तक्रार नाही.”

“तुम्हाला विचारलंय कोणी?” मी म्हणाले. ते मुकाट्याने दुसरी भाकरी घेऊन बसले. त्यांचं पोट माझ्यापेक्षा मोठं आहे, पण त्याला आमच्याकडे सुखवस्तूपणा म्हणतात.

पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. मी हवेत होते. मग काटा जो अडकला तो हलेचना. जानेवारी उजाडला, तरी तिथेच. सव्वीस तारीख समोर दिसत होती, आणि एव्हाना अक्काचा अंगठा, साखर, काठ हे सगळं मी विसरले होते. डोक्यात फक्त तो एक्सएल शर्ट होता. मी दुपारचं जेवण बंद केलं. डबा उघडायचा, भाजी इकडे, भाकरी तिकडे वाटायची आणि ‘आज उपास आहे’ म्हणायचं. आठवड्यात माझे सहा वार लागले.

त्यातच अक्काने गावाकडून येणाऱ्या एकाबरोबर डिंकाचे लाडू पाठवले. साखर असलेल्या बाईने, ओसरीवर बसून, स्वतःला एकही खाता येणार नसताना माझ्यासाठी लाडू वळले होते. मी तो डबा स्टोअरच्या कपाटात नेऊन ठेवला, घरात डोळ्यासमोर नको म्हणून. तिने फोनवर विचारलं, “खाल्लेस का गं? खोबरं जास्त झालं का?” मी म्हणाले, “नाही गं, एकदम बेताचं झालंय.” एकही तोंडात घातला नव्हता.

संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी हातमोज्यांचं खोकं काढायला मी शिडीवर चढले. वरच्या फळीला हात लावला आणि डोळ्यांपुढे काळोख आला. पडले नाही, कारण खिडकीशी मोजे घ्यायला संगीता आली होती आणि तिने आत धावून माझी कंबर धरली. खाली बसवलं. “ताई, तोंड पांढरं फटक पडलंय. जेवलाव का न्हाई?”

मी म्हणाले, उपास आहे.

“रोज कसला उपास असतोय?” ती म्हणाली. तिने कपाट उघडलं, समोर लाडवांचा डबा होता, त्यातला एक काढून माझ्या तोंडापाशी धरला. मी खाल्ला. खोबरं खरंच जास्त झालं होतं. खाताना मला रडू आलं. संगीता माझ्यासमोर फरशीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, “मीबी एक नंबर कमी लिहिलाय ताई. म्हणलं तेवढ्यात उतरंल. कुठलं काय! बारा तास उभं राहायचं म्हणल्यावर खावं तर लागतंयच की.”

तेव्हा तरी मी तिला सांगायला हवं होतं की मला ते ऑर्डर पाठवायच्या आधीच दिसलं होतं. मी दुसरा लाडू घेतला.

बावीस तारखेला खोकी आली. सगळे गेल्यावर मी रॅकच्या मागे जाऊन माझा शर्ट घालून पाहिला. खांद्यात बसला. छातीपाशी बटण आणि काजं यांच्यात चार बोटांचं अंतर. मी श्वास रोखला, पोट आत घेतलं, तरी दोन बोटं राहिलीच. इतक्या पहाटा चालले, इतक्या भाकऱ्या सोडल्या, आणि तरी दोन बोटं. मग मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. नवीन भरतीसाठी प्रत्येक मापाचे थोडे जादा शर्ट येतात. त्यातला डबल एक्सएल मी काढून घेतला, त्याच्या पिशवीत माझा घडी घालून ठेवला, आणि वर पट्टी चिकटवली. स्टोअरची किल्ली माझ्याकडेच असते.

वाटप झालं आणि लाईनवर हलकल्लोळ माजला. बायका चेंजिंग रूममधून लाल चेहऱ्यांनी बाहेर येत होत्या. कोणी कापडाला दोष देत होतं, कोणी शिवणाऱ्याला. खरं कोणीच बोलत नव्हतं. संगीता घरी ब्लाउज शिवते. पंचवीस तारखेला तिने तंग झालेले सगळे शर्ट गोळा केले, शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून बाजूच्या शिवणी उसवल्या आणि आतलं होतं तेवढं कापड सोडून परत टाके घातले. बस सुटायची वेळ झाली तेव्हा तिचा स्वतःचा तेवढा राहिला.

सव्वीस जानेवारीला सकाळी आम्ही गेटसमोर रांगेत उभ्या होतो. थंडी, कोवळं ऊन, कडक इस्त्रीचा वास. झेंडा वर गेला, सलामीची हाक झाली, सगळ्यांचे हात वर गेले आणि माझ्या पुढच्या रांगेत टर्रकन आवाज झाला. संगीताचा शर्ट काखेपासून कमरेपर्यंत उसवला होता. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिने हात झटकन खाली घेतला आणि अंगाशी घट्ट दाबून धरला. पुढे जिलबी वाटली. जिलबीचा कागद घ्यायलाही तिने हात पुढे केला नाही, नुसतीच मान हलवली. मी तिच्या मागे, अंगात बरोबर बसलेला शर्ट घालून, जिलबी हातात धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी ॲडमिनच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “मॅडम, एकीचं चुकेल, दोघींचं चुकेल. सगळ्यांचं कसं चुकलं?”

“त्यांचं राहू द्या साहेब. माझं चुकलं. मला फरक दिसला होता, मी विचारलं नाही.” आणि मग शर्ट बदलल्याचंही सांगितलं.

साहेब म्हणाले, लेखी द्या. मी दिलं. तो कागद माझ्या फाईलला लागला आहे. त्या वर्षी लाईनचे सगळे शर्ट परत गेले आणि साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे कोणी स्वतःचं माप स्वतः लिहायचं नाही, टेप लावून घ्यायचं.

आज त्या हिवाळ्यापेक्षा माझं वजन चार किलोने कमी आहे. तीन वर्षांत चार. साखर अजून काठावरच आहे, पलीकडे गेलेली नाही. चालायचे खरे बूट घेतले. दुपारी जेवते, डबा कोणाला वाटत नाही. स्टोअरमध्ये खुर्ची आहे, पण निम्मा दिवस मी उभ्याने काम करते, साहेबांना वाटतं मी फार उत्साही आहे. अक्काला लाडवांचं खरं सांगितलं तेव्हा तिने मला सणसणीत शिव्या घातल्या. आता पहाटे मी काळेवाडीतून निघाले की तिला फोन लावते. ती तिकडे काठी घेऊन ओसरीवरून मारुतीच्या देवळापर्यंत जाते. फोन चालूच असतो. बोलणं फारसं होत नाही, नुसती तिची काठी ऐकू येते, आणि मी तिच्या वेगाने चालते. पूर्वी मला तिच्यासारखं होण्याची भीती वाटायची. ती अजून वाटते, पण आता निदान ती भीती घेऊन आम्ही दोघी एकाच वेळी घराबाहेर पडतो.

त्या हिवाळ्यातला शेवटचा एक दिवस सांगायचा राहिला. फेब्रुवारीचा पहिला आठवडा असेल. स्टोअरमध्ये रॅकमागे पडदा लावला होता. संगीताच्या हातात टेप होती आणि मी लिहायला बसले होते. मला वाटलं होतं, हसणं-खिदळणं होईल. झालं उलटंच. एकेक जण आत येई, हात वर करी, आणि टेप अंगाला लागली की श्वास रोखून धरी. प्रत्येक जण. वीस वर्षांची नवीन मुलगीसुद्धा. डोळे मिटून, पोट आत ओढून, कोणी रागावायच्या आधी उभं राहावं तशी. संगीता टेप तशीच धरून थांबायची आणि हळू आवाजात म्हणायची, “सोड. श्वास सोड बाई. इथं कोन न्हाई.” मग ते खांदे खाली यायचे. टेप सैल सोडावी लागायची. संगीता आकडा सांगायची, मी लिहायचे.

सगळ्या झाल्यावर आम्ही दोघीच उरलो. तिचं माप मी घेतलं. तिने श्वास रोखला नाही. मी टेप गुंडाळत म्हणाले, “संगीता, त्या दिवशी माझा शर्ट मला बरोबर बसला होता, कारण...”

“ठाव हाय,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“कोन सांगंल? कागदावर तुमचं एक्सएल वाचलं व्हतं मी. कमी लिहिलेल्या सगळ्यांच्या शिवणी मी माझ्या हातानं उसवल्या. तुमचा एकच आला न्हाई.” तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिने लपवला नाही. मी खाली बघत टेप गुंडाळत राहिले. चष्मा धुकटला होता.

तिने माझ्या हातातून टेप घेतली.

“उभं ऱ्हावा. हात वर करा.”

मी हात वर केले. टेप पाठीवरून पुढे आली, छातीपाशी जुळली, आणि माझ्या नकळत माझं पोट आत गेलं, श्वास अडकला. टेपची दोन टोकं चिमटीत धरून संगीता माझ्याकडे बघत नुसती थांबून राहिली. बाहेर दुसऱ्या शिफ्टची घंटा झाली, बायका बोलत बोलत आत आल्या, लाईन सुरू झाल्याचा आवाज आला. ती हलली नाही. मला किती वेळ लागला कोण जाणे. शेवटी मी श्वास सोडला, आणि तिने माझा आकडा वाचला.